चीनचा खरेदीदार मिरची मागतो आहे, त्याच्याशी वागायचं कसं?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातल्या एका मिरची उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीच्या संचालक ताईंचा प्रश्न असा: चीनच्या शानदोंग प्रांतातल्या एका खरेदीदारानं आमच्या वाळल्या मिरचीचा नमुना नेला, पसंत केला, आणि आता तो म्हणतो की भावाचं नंतर बोलू, आधी या, भेटा. मालातलं आम्हाला कळतं, त्या लोकांतलं कळत नाही. त्यांची धंद्याची रीत काय, कुठं जपायचं, आणि सोबत भेट काय न्यायची? नागपुरात बसून मसाले बाहेर पाठवण्यात माझी हयात गेली, त्यात चीनचा वाटा मोठा. त्या भरवशावर लिहितो.

ताई, भेटवस्तूचं आधी उरकून टाकू. घड्याळ नको, छत्री नको, हातरुमाल नको, चाकू-कात्री नको, आणि चारच्या संख्येत काहीच नको. आंधळगावच्या कोशाचा स्टोल न्या. रेशीम मूळचं त्यांचंच, पण ऐनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा टसर हातात घेतला की ते थांबून पाहतात. फार महाग काही नको. खरेदीदार सरकारी कंपनीतला असेल तर महागाचं नावच काढू नका. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षानं अधिकाऱ्यांच्या थाटामाटावर बंधनं आणली, तेव्हापासून असा माणूस भारी वस्तू पाहून खूश होत नाही, घाबरतो. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं आणि न वाचता खिशात कोंबायचं नाही. बस. यातलं काही चुकलं तर परदेशी म्हणून चालवून घेतात, आणि सगळं बरोबर केलं म्हणून एक पोतं जास्त विकलं जात नाही. लोक मात्र यावरच तासभर व्याख्यानं देतात.

खरी अडचण येते ती सौदा पक्का कधी झाला, हे मानण्यात. आपल्याकडे नागपूरच्या कळमना बाजारात अडत्याच्या गादीवर भाव ठरला, पट्टी हातात पडली, की विषय संपला. तुमचा खरेदीदार करारावर शिक्का मारेल तेव्हा त्याच्या लेखी विषय सुरू झालेला असेल. कागदाचा अर्थ तो एवढाच घेतो की आपण दोघं मिळून काम करायला तयार आहोत. मध्येच बाजार हलला तर पुन्हा बसून बोलावं, यात त्याला बेइमानी दिसत नाही. उलट बाजार कोसळल्यावरही तुम्ही कलमं वाचून दाखवत राहिलात, तर या लोकांसोबत दूरवर जाता येणार नाही असं तो मनात धरतो. शांघायचे किंवा मोठ्या कंपन्यांचे लोक कागदाला जास्त धरून असतात, पण मिरचीच्या धंद्यात मला भेटलेले बहुतेक पहिल्या जातकुळीचे.

म्हणून वर्षभराचा एकच भाव बांधून घेऊ नका. करारात मालाचा दर्जा, मोजणी, तपासणी आणि पैशाची रीत पक्की करा. भाव मात्र प्रत्येक खेपेला वेगळा ठरवा आणि तो किती दिवस चालेल ते लिहा. खेप लहान ठेवा. एका कंटेनरचा वाद दोघांनाही सोसतो, दहांचा नाही. आगाऊ रक्कम काही ना काही घ्याच. उरलेली बँकेच्या पतपत्रावर (एलसी), नाही तर बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीची, प्रत पाहून. पहिल्याच वर्षी ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढा. जुना ग्राहक झाला की विमा लागत नाही असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. भावाची पुन्हा बोलणी जुन्या ग्राहकाकडूनच जास्त येतात.

आता याची दुसरी बाजू, जी आपल्या प्रशिक्षणांत कोणी सांगत नाही. तुम्ही त्याची संस्कृती शिकायला निघालात, तो तुमची केव्हाची शिकून बसला आहे. भारताची वाळली मिरची सर्वांत जास्त घेणारा देश चीनच. गुंटूर, खम्मम, वरंगलच्या बाजारांत त्यांची माणसं वर्षानुवर्षं येतात, मुख्यतः तेजा वाणासाठी. भाव चढला की भारतीय शेतकरी कबूल केलेला माल दुसऱ्याला देतो, संचालक फोन उचलत नाहीत, आणि दहा जणांच्या मंडळात शेवटचा शब्द कोणाचा ते कळत नाही, हे त्यानं पाहिलेलं आहे. "आधी या, भेटा" यामागचा हेतू हाच. जेवणाच्या टेबलावर तो मिरचीपेक्षा तुमच्या कंपनीची वीण तपासणार आहे. सभासद किती, हे तो विचारेल. त्याला खरं जाणून घ्यायचं असेल की त्यातले किती जण बाजार चढल्यावरही तुमच्याच सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, माल घालतील.

याची तयारी जाण्याआधी इथं करावी लागते. चढ्या भावात सभासदाला फरक कसा देणार, त्याचा ठराव करून घ्या. कमी मालाचं वचन द्या. आपल्या तोंडात एक सवय बसली आहे: काहीही विचारलं तरी "हव, होऊन जाईल नं". समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण असं म्हणतो. तोही त्याच कारणानं "यावर विचार करू", "थोडं अवघड दिसतं" असं म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा नकारच असतं. दोन्ही बाजूंचे लोक असे भिडस्त असले की बैठक फार गोड होते आणि माल गोदामातच राहतो. त्याच्या "पाहू" नंतर दोन-तीन आठवडे काही आलं नाही तर नकार समजा आणि पुढच्या माणसाकडे वळा. तुम्ही मात्र "होते" म्हणताना तारीख आणि टनाचा आकडा सांगा.

चीन असा एक बाजार नाही, हेही लक्षात असू द्या. शानदोंगमधलं जियाओझोउ हे मिरची प्रक्रियेचं मोठं ठाणं. तिथला व्यापारी मिरची निवडतो, दळतो आणि बरीचशी पुढं दुसऱ्या देशांना पाठवतो. म्हणजे तो बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून त्याचा गिऱ्हाईक बोलत असतो. रंगाची गडदता मोजणारं आस्टा मूल्य, ओलावा, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), कीडनाशकाचे अंश आणि सुदान रंग (खाण्यात बंदी असलेला रासायनिक रंग) नसल्याचा दाखला तो पुन्हा पुन्हा मागेल. २००५ मध्ये सुदान रंगावरून त्या देशात मोठा गदारोळ झाला होता, त्यामुळे तिथं दाखला मागणं म्हणजे तुमच्यावर संशय घेणं नव्हे. सिचुआन किंवा चोंगछिंगचा हॉटपॉटवाला, म्हणजे उकळत्या तिखट रश्श्याची खाणावळ चालवणारा, असता तर त्यानं मिरची तेलात टाकून वास घेतला असता, कागद नंतर. ग्वांगडोंगचे लोक चहाच्या पेल्यावर झटपट मुद्द्यावर येतात. शानदोंगचे मानपानाला पक्के: कोण कुठं बसतं, कोण आधी पेला उचलतं, हे सगळं ठरलेलं.

जेवणाचं सांगतो. गोल टेबल असतं. यजमान दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुण्याला आपल्या उजव्या हाताला बसवतो. तुम्ही स्वतः खुर्ची निवडू नका, बसवतील तिथं बसा. ताई, तुम्हीच पुढारी म्हणून जा. तिथं धंद्यात बायका मोठ्या जागांवर असतात, त्याचं कोणाला नवल नाही. पण "आमच्यात सगळे संचालक सारखेच" हे त्यांना उमगत नाही. एक प्रमुख आणि एक मालातला जाणकार, एवढी दोनच माणसं पुरेत, आणि कोण प्रमुख ते आधीच्या पत्रात लिहून कळवा. तिकडून इंग्रजी बोलणारा बहुतेक सर्वांत तरुण असतो आणि मालक गप्प बसलेला असतो. बोलताना त्या तरुणाकडे पाहत राहू नका, मालकाकडे पाहून बोला. दुभाषी आपला न्या. त्याच्या माणसाच्या भाषांतरावर भावाची बोलणी करणं म्हणजे विरुद्ध पक्षाच्या वकिलाला आपला जबाब लिहायला सांगणं.

पेले उचलतील ते बायज्यूचे, म्हणजे बरेचदा पन्नास टक्क्यांच्या आसपासचं कडक मद्य. घ्यायचं नसेल तर पहिल्याच पेल्याला सांगा आणि शेवटपर्यंत त्यावर राहा. चहानं पेला भिडवला तरी चालतो, फक्त वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली धरा. एक घेऊन दुसऱ्याला नाही म्हटलं की आग्रहाला अंत नाही. जेवणाचं तसंच. "मी शाकाहारी" म्हटलं की भाजीत थोडा खिमा चालत असेल असं धरलं जातं. त्यापेक्षा धर्माचा नेम आहे, मांस, मासे, अंडं, चरबी यांतलं काहीच नाही, असं सांगा. बौद्ध भिक्षूंचा नेम त्यांना ठाऊक असतो, त्यामुळे माळकरी माणसाचं तिथं लगेच समजतं, शहरांत शुद्ध शाकाहारी बौद्ध खाणावळीही सापडतात.

गप्पांना विषय लागतो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले होते. त्यातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथंच वारले आणि जुन्या पिढीला अजून आठवतात. त्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. हे सांगितलं तर साठीच्या मालकाचा चेहरा खुलतो. सीमेचा, तैवानचा विषय निघाला तर "मला मिरचीतलं कळतं" म्हणून हसा. आणि माहितीपत्रकावर भारताचा नकाशा छापू नका. आपल्या कायद्याप्रमाणे छापला तर त्यांच्या कस्टमला चालत नाही, त्यांच्या मर्जीनं छापला तर इथं गुन्हा. २०१९ मध्ये तुमच्या खरेदीदाराच्याच भागात, छिंगदाओला, परदेशी पाठवायला छापलेले जवळजवळ २९,००० नकाशे नष्ट केले गेले. पवनी कुठं आहे ते सांगायला नागपूरपासूनचं अंतर पुरतं.

आकड्यांत मोठा घोटाळा होतो. त्यांच्या अंतर्गत बाजारात भाव जिनवर बोलतात, आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. तिथल्या मंडीतला भाव ऐकून तो किलोचा समजलात तर भाव अर्धाच दिसेल आणि तुम्ही उगाच नाही म्हणाल. मोठ्या रकमा ते दहा हजाराच्या पटीत मोजतात, आपण लाखाच्या. मधला दुभाषी इंग्रजीतून जातो आणि एक शून्य वाटेतच पडतं. बोटांनी सहा ते दहा ते एकाच हातावर दाखवतात, त्यावरही विसंबू नका. प्रत्येक आकडा कागदावर लिहायचा, सोबत एकक, आणि कागद त्याच्याकडे सरकवायचा.

समोरचा माणूस खरा की पोकळ, हे ओळखायला आतड्याचा कौल पुरत नाही, पण सोय आहे. चीनच्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला अठरा अंक-अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो, तो परवान्यावर छापलेला असतो. सरकारी कंपनी-नोंदवहीत तो घातला की मालक, भांडवल, कंपनी चालू आहे की बंद, हे फुकट दिसतं. पान चिनी भाषेत आहे, दुभाष्याकडून वाचून घ्या. करारावर नुसती सही घेऊन येऊ नका. तिथं कंपनीचा गोल तांबडा शिक्का बोलतो. शिक्क्यावरचं चिनी नाव, परवान्यावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यातून येणार त्याचं नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. पैसे हाँगकाँगच्या वेगळ्या कंपनीतून येतील असं सांगतील. ही चाल सर्रास आहे आणि दर वेळी लबाडीची नसते, पण मग ती कंपनीही करारात पक्षकार हवी. तुमच्या पाकिटावर नाव किंवा चिन्ह असेल तर ते तिथं आधी नोंदवा. चीनमध्ये ट्रेडमार्क आधी अर्ज करणाऱ्याचा होतो, आणि भिवापुरी मिरचीला इथं मिळालेलं भौगोलिक मानांकन तिथं आपोआप लागू होत नाही.

ओळख कितीही घट्ट झाली तरी सरकारी कागदापुढं ती चालत नाही, हाही तिथल्या रीतीचाच भाग. १ जानेवारी २०२२ पासून त्यांच्या कस्टमकडे परदेशी अन्नप्रक्रियादाराची नोंदणी लागते. स्पाइसेस बोर्डाचं निर्यातदार प्रमाणपत्र तुम्ही काढलंच असेल. या नोंदणीचे चालू नियमही बोर्डाकडेच विचारा. माल बंदरात अडकल्यावर खरेदीदाराचे कस्टममधले मित्र सोडवतील, अशा गोष्टी ऐकू आल्या तर तो पक्ष टाळा.

रोजचं बोलणं हे वेगळंच दुखणं. तिकडं सगळा धंदा वीचॅटवर चालतो, आणि भारतानं २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. आपलं व्हॉट्सॲप आणि जीमेल तिकडं बंद. परदेशाशी व्यवहार करणारे काही जण व्हॉट्सॲप कसंबसं चालवतात, पण ते मधूनच आठवडाभर मुकं होतं, आणि आपण इकडं समजतो की माणूस रागावला. आडमार्गानं ॲप चालवा असं मी कंपनीला सांगणार नाही. तिथं राहणारा एक भारतीय मध्यस्थ धरा, जो त्यांच्याशी त्यांच्या पद्धतीनं बोलेल आणि तुम्हाला त्याच दिवशी मेल टाकेल. त्याचं कमिशन जड वाटेल. त्याच्याशिवाय तक्रार निस्तरायला जो खर्च येतो तो पाहिला की जड वाटत नाही.

तक्रारीचंच बोलायचं तर इथं आपली माणसं सर्वांत जास्त हरतात. माल पोचेपर्यंत बाजार पडला की ओलावा जास्त आहे, देठ राहिले आहेत, असा फोटो येतो. माझ्या ओळखीच्या एका निर्यातदाराला असंच पत्र आलं. त्याच्याकडे भरतीच्या वेळचा सीलबंद नमुना होता, प्रयोगशाळेचा अहवाल होता. त्यानं खरेदी अधिकाऱ्यापासून मालकापर्यंत सर्वांना एकाच मेलमध्ये तो पाठवला आणि खाली लिहिलं की आरोप खोटा आहे. तो शंभर टक्के खरा होता. पैसे पूर्ण मिळाले, आणि त्या गावातून त्याला पुन्हा कोणी मागणी दिली नाही, कारण मालकासमोर त्या अधिकाऱ्याचं तोंड काळं झालं. त्याच हंगामात दुसऱ्यानं खरेदी अधिकाऱ्याला एकट्याला गाठलं, अहवाल फक्त त्याला दाखवला, आणि म्हणाला की तुमच्या मालकाला काहीतरी सांगावं लागेल, तर पुढच्या खेपेत थोडी सूट धरू. आपल्या जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि भवतीच्या लोकांना कोण किती झुकलं ते दिसायचं नाही. चीनच्या जुन्या जनावर-बाजारांतही सौदा असाच बाहीआड व्हायचा. तक्रार तशीच सोडवायची असते. मात्र रुमालाखाली जायला हातात काही हवं. भरतीच्या वेळी त्याचा माणूस हजर ठेवा, दोघांच्या सहीचे तीन नमुने सील करा, एक त्याला, एक तुम्हाला, एक तपासणी संस्थेकडे.

एखादा खरेदीदार फार जवळ आला की म्हणतो, तुमच्याकडे ड्रायर टाकू, पैसे आम्ही घालतो. गोड वाटतं, पण सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला एप्रिल २०२० पासून सरकारी मंजुरीची अट आली. हो म्हणण्याआधी सीएला आजचा नियम विचारा.

हंगामाचा मेळ बसवणं कठीण आहे. आपली लाल मिरची डिसेंबर ते मार्च तोडणीला येते आणि त्यांचं नववर्ष, चंद्रावर चालणारं, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही पडतं. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होतं, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. त्याआधी सगळे जुनी देणी चुकवायच्या घाईत, नंतर कारखाने दोन-तीन आठवडे ओस, कामगार गावी. ऐन आवकेत बंदरात माल उतरवायला माणूस नसतो. म्हणून पहिली खेप सणाच्या बरीच आधी पोचेल एवढीच ठेवा, उरलेली सणानंतर, आणि जुन्या उधारीची वसुली सणापूर्वी. सणानंतर ती पुढच्या वर्षाची होते.

जायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. ग्वांगझोउच्या कँटन मेळ्याला सगळे धावतात. तिथं बहुतेक चिनी लोक विकायला बसलेले असतात, तुमचं घ्यायला नाही. सरळ जियाओझोउला जा. ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता-ग्वांगझोउ थेट विमानं पुन्हा सुरू झाली, तिथून पुढं जियाओझोउजवळचं छिंगदाओ. पोळा झाला की निघा आणि १ ऑक्टोबरच्या आत परत या, कारण तेव्हा त्यांची आठवड्याची राष्ट्रीय सुट्टी लागते. त्या सुमारास तुमचं पीक शेतात उभं असतं, त्यामुळे टनाचा अंदाज खरा देता येतो. आणि त्यालाही डिसेंबरात पवनीला बोलवा. माल उघड्या मातीवर वाळत नाही, स्वच्छ ताडपत्रीवर वाळतो, सातऱ्यावर बाया देठ खुडताहेत, हे त्यानं डोळ्यांनी पाहू दे. त्याच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून निमंत्रणाचं पत्र कंपनीच्या शिक्क्यासह सोबतच घेऊन जा आणि निघण्यापूर्वी मालकाच्या हातात द्या.